गर्दीत लागणारा पंखा

नवरा गेल्याला चार महिने झाले, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की गाडीत आपल्यासोबत कुणीतरी आहे.

असल्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवणारी ती बाई नव्हती. एकवीस वर्षं ती चष्म्याच्या एका दुकानात डोळे तपासत होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट ठेवायची, भिंगं बदलत राहायची आणि विचारायची, "हे बरं की हे?" दुकानात सगळे तिला नंबरताई म्हणत. माणूस नसलेली अक्षरंही अगदी ठासून वाचतो, हे तिने हजारदा पाहिलं होतं. म्हणूनच गाडीतली गोष्ट तिने कुणाच्याही कानावर घातली नाही. लेकीच्याही नाही.

गाडी त्यांची. जुनी, राखाडी, एसी कधीचाच बंद पडलेला. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि एका रविवारी सकाळी चहा ठेवून ती उठवायला गेली तर ते उठलेच नाहीत. दोन महिने गाडी खाली धूळ खात उभी राहिली. मग एक दिवस तिने पुसली, महिनाभर शिकवणीवाल्याला शेजारी बसवून हात बसवून घेतला आणि दुकानात गाडीने जाऊ लागली.

दुकानाच्या वाटेवर एक उड्डाणपूल होता. पुलावरून जाणाऱ्यांचं ठीक होतं, पण खालून जाणाऱ्यांची सकाळी नऊ ते साडेदहा अशी काही कोंडी व्हायची की पायी चालणारे पुढे निघून जात. तिथेच ते पहिल्यांदा घडलं. गाडी दोन-दोन हात पुढे सरकत होती. तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर चढला, मग आणखी वर, आणि लाल पट्टीला टेकला. पुढून गोडसर, गरम वास यायला लागला. डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक, मागे हॉर्नचा कल्ला. तिच्या तळहातांना घाम फुटला. चौतीस वर्षांची सवय, तोंडून निघून गेलं, "अहो, काय करू हो आता?"

आणि गाडीच्या पुढच्या भागातून घरघर सुरू झाली. जाड, संथ, एका लयीतली. काटा जागच्या जागी थांबला, मग हळूहळू खाली आला. पाच मिनिटांत अर्ध्यावर.

तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही. फक्त म्हणाली, "बरं."

नंतरच्या आठवड्यात पुन्हा तसंच. कोंडी, काटा, वास, मग तिची हाक आणि ती घरघर. कधी हाक मारायच्या आधीच. कधी तर सकाळी किल्ली फिरवताक्षणी घरघर चालू असायची. अशा दिवशी तिला हसू यायचं. स्वारी आज आधीच येऊन बसली! मग ती सगळं सांगायला लागायची. लेकीचं नवीन ऑफिस, वरच्या मजल्यावरच्या बाईचा गळका नळ, एक आजोबा चष्मा डोळ्यांवर असताना तोच चष्मा शोधत दुकानात आले ते. घरी तिला त्यांच्याशी बोलता येत नसे. घरात ते नव्हतेच. घरात नुसते त्यांचे कपडे होते.

काही दिवस ते येत नसत. काटा लाल होऊन तिथेच बसायचा, बॉनेटच्या फटीतून वाफ निघायची, आणि तिला कशीबशी गाडी कडेला घेऊन तासभर थांबावं लागायचं. "आज राग आलाय वाटतं," ती म्हणायची, आणि काय चुकलं ते दिवसभर आठवत राहायची.

तिसऱ्या महिन्यात ती सुट्टीच्या दिवशीही सकाळी नऊला गाडी काढायला लागली. जायचं कुठेच नसायचं. दुकानात जायला मागून एक मोकळा रस्ता होता. तो तिने सोडूनच दिला. पुलाखाली जाऊन अडकायचं आणि काटा चढायची वाट बघायची. तो चढायला लागला की भीती वाटायची आणि त्याच वेळी बरंही वाटायचं.

एकदा अशी वाफ सोडत कडेला उभी असताना लेकीच्या मैत्रिणीने तिला पाहिलं. संध्याकाळी लेकीचा फोन.

"आई, गाडीला धूर येतोय आणि तू आत शांत बसून आहेस म्हणे!"

"धूर नाही, वाफ."

"काय फरक पडतो? उद्याच्या उद्या दाखव. नाहीतर विकून टाक ती."

विकायचं नाव काढल्यावर ती निमूट गॅरेजात गेली. काचेची केबिन आणि गुळगुळीत फरशी असलेलं मोठं गॅरेज. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, जुनं कूलंट काढून नवं भरलं. "पंखा चालतोय, पंप चालतोय, आता बघायला नको," असं सांगून गाडी हातात दिली. चौथ्या दिवशी पुलाखाली काटा पुन्हा लाल.

मग दुकानाच्या मालकाने थंडोबाकडे पाठवलं. थंडोबा हे त्या मिस्त्रीचं खरं नाव नव्हे. साठीला आलेला माणूस, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. लोक तापलेल्या गाड्या घेऊन तापल्या डोक्याने यायचे आणि हा आधी हात धुणार, मग पुसणार, मग विचारणार. त्याचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी एक शेड.

"मोकळ्या रस्त्यावर तापते?"

"नाही."

"चढावर?"

"नाही. उभी राहिली की."

"म्हणजे धावते तोवर ठीक. वाऱ्याने रेडिएटर गार राहतो. उभी राहिली की वारा बंद, मग पंख्याने घालायचा वारा." त्याने बॉनेट उघडलं. "लावा चालू."

तिने किल्ली फिरवली. घरघर लगेच सुरू झाली. नको त्या वेळी पाहुणे घरी यावेत तसं तिला झालं.

थंडोबा वाकून पंख्याकडे बघत राहिला. इंजिनावर हात ठेवला. "थंडगार आहे हे. रात्रभर उभी होती ना?"

"हो."

"मग पंखा कुणासाठी फिरतोय?" तो स्वतःशीच म्हणाला. "पाणी तापलं की सेन्सर पंखा लावतो, निवलं की बंद करतो. हा तर गार इंजिनाला वारा घालतोय. ह्याला लाव म्हणून सांगितलं कुणी?"

तिने किल्लीवरचा हात काढला.

वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. काटा अर्ध्याच्याही खाली. थंडोबाने बॉनेट लावलं. "इथे साळसूदपणा करतेय ही. जिथे तापते तिथे जाऊ. तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो."

"तुम्हीच घेऊन जा ना. मी इथे थांबते."

"तुमच्या हातात तापते, ताई. तुमच्याच हातात बघायला हवी."

शिकवणीवाला गेल्यापासून शेजारच्या सीटवर चार महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. थंडोबा बसला, पट्टा लावला, मांडीवर फडकं ठेवलं. पुलाजवळ येईपर्यंत घरघर कधीतरी बंद झाली होती. साहजिक आहे, तिला वाटलं. परका माणूस बघून ते कशाला थांबतील?

कोंडीत शिरल्यावर दहाव्या मिनिटाला काटा चढायला लागला. थंडोबा खिडकीबाहेर डोकं काढून ऐकत होता. "पंखा बंद आहे," तो म्हणाला. "आता खरा लागायला हवा, आणि आता बंद आहे."

काटा लाल पट्टीपाशी आला. पुढची गाडी दोन हात सरकली, तिने क्लच दाबला, सोडला, ब्रेक मारला, पुन्हा क्लच. आणि घरघर सुरू झाली.

"आले," ती म्हणाली.

"कोण?"

आपण मोठ्याने बोललो हे तिला मग कळलं. कान तापले. "काही नाही. पंखा आला."

थंडोबाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली गेली, तिच्या पायांकडे, आणि तिथेच राहिली. सीट तिने अगदी पुढे ओढून घेतली होती. उंची कमी असल्यामुळे त्याशिवाय तिचा पाय पोचत नसे.

"ताई, गाडी न्यूट्रलला घ्या. क्लच दाबा. आता पाय उचला. नेहमी उचलता तसाच."

तिने पाय उचलला. डावा गुडघा वर आला आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला लागला. टिक.

घरघर थांबली.

"पुन्हा उचला."

टिक. घरघर सुरू.

हा टिक तिने आधी ऐकला नव्हता असं नाही. क्लचचा असेल असं ती धरून चालली होती. आता तिने न सांगता पाय तिसऱ्यांदा उचलला, मग चौथ्यांदा. बंद. चालू. मागचा हॉर्न वाजवत होता. पुढे सहा गाड्या मावतील एवढी जागा झाली होती आणि ती गुडघा वर-खाली करत बसली होती.

"पुढे घ्या, ताई," थंडोबा हळूच म्हणाला. "चालू राहू दे तो. गॅरेजला जाऊ."

गॅरेजात तो टॉर्च घेऊन पाठीवर निजला आणि डोकं स्टिअरिंगखाली घातलं. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. मग त्याने तिला बोलावलं. ती गाडीच्या दारात गुडघे टेकून वाकली. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, डावीकडे, एक काळं बटण होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, प्रयोगशाळेतल्या यंत्रांना असतं तसलं. दोन वायरी तिथून इंजिनाकडे गेल्या होत्या, दर वीतभर अंतरावर नीट बांधलेल्या. बटणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्यावर बारीक, तिरप्या अक्षरात तारीख.

प्रयोगशाळेत काहीही दुरुस्त केलं की त्यावर तारीख टाकायची, ही त्यांची सवय. ती घरातही आली होती.

"पुढून गाडी कधी लागली होती का कुठे?" थंडोबाने विचारलं. "रेडिएटरच्या सेन्सरचं सॉकेट फुटलंय. कधीचंच फुटलेलं दिसतंय. ज्यांनी कुणी हे केलं, त्यांनी सेन्सर सोडून पंखा सरळ बटणावर घेतला. हाताने लावायचा, हाताने बंद करायचा. हात स्वच्छ आहे त्यांचा. पण कुणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं."

तिने ती तारीख दोनदा वाचली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी ती पन्नास वर्षांची झाली होती. सहा वर्षांपूर्वी. सकाळीच त्यांनी तिच्या हातात किल्ली दिली होती, आता तूच चालव म्हणून. महिनाभर शिकली होतीच. आणि संध्याकाळी परत येताना तिने गाडी आवाराच्या फाटकाच्या खांबावर घातली. केवढा आवाज झाला! ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. ते उतरले, पुढे जाऊन वाकून पाहिलं, परत आले. "काही झालं नाही. नुसता ओरखडा आहे," म्हणाले.

त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही. ते दोन-तीनदा म्हणाले, मग म्हणायचे थांबले.

आणि मग तिला गुडघा आठवला. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा डावा हात खाली जायचा, गुडघ्यापाशी. निघताना पुन्हा एकदा जायचा. तिने विचारलं होतं, "दुखतोय का हो?" ते क्षणभर थांबून म्हणाले होते, "हं. जरासा." त्या दिवसापासून रोज झोपायच्या आधी ती त्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची. कोमट करून, दहा मिनिटं. सहा वर्षं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की ते म्हणायचे, तेलाने बरं वाटतं.

"ताई, बसता का जरा?" थंडोबाने लाकडी स्टूल पुढे सरकवलं.

ती बसली. त्याने तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवून पाहिलं, रेडिएटरच्या तोंडाशी डोळा लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. "वाचलं इंजिन. तेलात पाणी उतरलेलं नाही. पण आणखी दोन-चारदा अशी तापली असती तर इंजिनाचं हेड गेलं असतं." मग न बघता म्हणाला, "काटा लाल झाल्यावरही तुम्ही गाडी बंद केली नाही कधी?"

"वाटायचं, उतरेल."

थंडोबा फडक्याला बोट पुसत राहिला.

"नवीन सॉकेट, नवीन सेन्सर टाकतो. पंखा आपोआप लागेल, आपोआप बंद होईल. बटणाचं काय करू? राहिलं तरी चालेल. बाजूला सरकवून देतो, गुडघा लागणार नाही. हवं तेव्हा हातानेही लावता येईल."

ती स्टुलावरून उठली.

"काढून टाका," ती म्हणाली. "वायरीपण."

"बटण देऊ तुमच्याकडे?"

"नको."

संध्याकाळी लेक आली. तिने लेकीला सांगितलं: सेन्सर, सॉकेट, फाटकाचा खांब, बटण. लेक ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसली.

"अगं आई, ते बटण! मी साफ विसरले गं."

"तुला माहीत होतं?"

"बाबांनी दाखवलं होतं मला. म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला वाटेल तिच्यामुळे झालं. मला वाटलं पुढे कधीतरी त्यांनीच तुला सांगितलं असेल. सहा वर्षं झाली गं. मी कुठे गाडी चालवते, माझ्या डोक्यातूनच गेलं."

"आणि गुडघा?"

"कसला गुडघा?"

"त्यांचा. दुखायचा तो."

लेकीने जरा विचार केला. "बाबांचा? चार जिने एका दमात चढायचे ते. कधी बोलले नाहीत माझ्याजवळ."

तिला एकदम राग आला. इतका, की हातातली बशी तिने ओट्यावर आदळली. लेक दचकली. "सांगितलं असतं तर मी रागावले असते," ती म्हणाली. "दोन दिवस धुसफुसले असते स्वतःवरच. आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले असते! एवढंसुद्धा ओळखलं नाही ह्यांनी?" बोलता बोलता तिचं तिलाच कळेना की आपण कुणाशी भांडतोय. रोज ते पाय लांब करून बसायचे, डोळे मिटायचे. ते खोटं निस्तरत बसलेले असायचे, की त्यांना खरंच बरं वाटायचं? आता विचारायला कुणी नव्हतं. आज सकाळपर्यंत होतं.

लेकीने तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने विचारलं, "पण आई, तुला ते आधी कसं जाणवलं नाही? चार-चार वेळा गाडी तापली. तू आत बसून करत काय होतीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली. "काटा उतरायची."

ओट्यावरची बशी उचलून तिने जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी आणली आणि सरळ पुलाखाली गेली. थंडोबाने सांगितलं होतं तसंच झालं. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला, पंखा लागला, काटा उतरला, पंखा थांबला. पुन्हा लागला, पुन्हा थांबला. तिने गुडघा उचलून डॅशबोर्डला लावून पाहिला. तिथे आता गुळगुळीत प्लास्टिक होतं. "अहो," तिने हळूच हाक मारली. पंखा चालू होता. तिच्या हाकेने तो लागला नव्हता, आणि ती गप्प बसली म्हणून थांबणारही नव्हता. शेजारची सीट तिने पहिल्यांदाच नीट वळून पाहिली. थंडोबाच्या फडक्याचा काळपट डाग होता तिच्यावर.

त्या दिवशी दुकानात तिने दोन माणसांना चुकीचे नंबर लिहून दिले. दोन्ही वेळा तिच्याच लक्षात आलं आणि तिने कागद फाडून पुन्हा तपासणी केली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या मोकळ्या रस्त्याने जाऊ लागली.

पुढचे कित्येक दिवस ती घरात फिरताना थांबायची. गीझरवर तारीख होती. मिक्सरच्या खाली होती. दाराच्या घंटीच्या डबीवर होती. एकेक तारीख वाचून त्या दिवशी काय झालं होतं, आपण काय बोललो होतो, काय पडलं-फुटलं होतं, हे ती आठवून बघायची. बहुतेक दिवस आठवत नसत. एकदा लेक म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळं एकदा उघडून बघू या का? तेव्हा ती म्हणाली, "चालतंय ना? मग राहू दे." पण म्हणताना तिचा आवाज लेकीला जरा वेगळा वाटला.

असे दोन-अडीच महिने गेले. एका सकाळी मागच्या रस्त्यावर पाइप फुटला म्हणून वाहतूक वळवली होती आणि तिला पुलाखालूनच जावं लागलं. कोंडी नेहमीसारखीच. दुकानात नवीन यंत्र यायचं होतं, ते खोलीत कुठे बसवायचं, दार उघडताना त्याला लागेल का, याचा ती विचार करत होती. पुढची गाडी सरकली की सरकत होती. बरीच मिनिटं गेली असावीत. मग कशाने तरी ती भानावर आली. आजूबाजूला कल्ला तसाच होता, तरी काहीतरी कमी झाल्यासारखं वाटत होतं.

पंखा थांबला होता. तो लागला केव्हा, ते तिला कळलंच नव्हतं.

ती काट्याकडे बघत राहिली. मग सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न दिला. तिने पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली.